बसलेल्या बाईतले पांढरे कण

"सूनबाई, या घरात तुटकंफुटकं काही टाकायच्या आधी विचारायचं. दिसायला सगळं सारखंच दिसतं."

लग्न होऊन आठ दिवस झाले असतील, तेव्हा आमची भट्टी सांभाळणाऱ्या भट्टीकाकांनी मला हे सांगितलं. मी 'हो काका' म्हणाले आणि विसरून गेले. सूक्ष्मजीवशास्त्रातली पदवी घेतलेली मुलगी मी. काचपट्टीवरचा ठिपका बघून जंतू ओळखणारी. मला तुटक्या मातीतला फरक कळणार नाही असं या म्हाताऱ्याला वाटावं, याचंच हसू आलं होतं.

आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो आणि मागच्या लांबट खोलीत मातीची माणसं राहतात. 'माणसं' हा शब्द माझा नाही, घरातलाच आहे. बाहेरचे लोक पुतळे म्हणतात, बाहुल्या म्हणतात, शोभेच्या वस्तू म्हणतात. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, त्या मात्र माणसंच म्हणतात. "आज किती माणसं वाळली?" "त्या खोक्यात अजून दोन माणसं बसतील की." पहिल्याच महिन्यात मी माहेरी फोनवर बोलत होते आणि मागून त्यांचा आवाज आला, "अगंबाई, चार माणसं फुटली गं भट्टीत!" पलीकडून माझी आई हळूच म्हणाली, "बाळा, तिकडे सगळं ठीक आहे ना?"

काम असं चालतं. साचे दोन भागांचे असतात, एक पुढचा, एक पाठीचा. आई दोन्हींत मातीचा थर दाबून बसवतात, कडांना पातळ चिखल लावून जोडतात. साच्यातून माणूस बाहेर आला की त्याचं नाक, बोटं, कपड्यांच्या चुण्या हाताने करायच्या. माणूस आतून पोकळ असतो आणि त्याच्या बुडाला एक भोक असतं, भट्टीत आतली गरम हवा निघून जायला. भोक विसरलात तर फुटलाच. मग आठवडाभर सावलीत वाळवण, मग भट्टीकाकांची भट्टी, मग मावशीचा रंग. मावशी रंगवायला येते. ती नात्याने कुणाचीच कुणी नाही, पण घरात बोलायचा हक्क तिला सगळ्यांपेक्षा जास्त आहे. माल पोचवायचं काम नवऱ्याचं.

घेणारे कोण कोण असतात हे मी सुरुवातीला बघत बसायचे, सवयच तशी. एक टॅक्सीवाला येतो. त्याला काचेपुढे चिकटवायला छत्रीवाला म्हातारा लागतो, त्याच्याशी तो दिवसभर भांडतो. "माझं पूर्ण ऐकून घेणारा तो एकच आहे," म्हणतो. एक नर्स आहे, ती माणूस नेते आणि वॉर्डातल्या खिडकीत ठेवते. तिचं म्हणणं, ज्यांना कुणी भेटायला येत नाही ते पेशंट त्याच्याकडे बघत पडून राहतात. चित्रकलेचे मास्तर मुलांना समोर ठेवून काढायला नेतात. "हा हलत नाही, पैसे मागत नाही आणि चित्र बघून रुसत नाही." कुणी प्रार्थनेच्या कोपऱ्यात ठेवतं, कुणी नुसतं फ्रिजवर.

एकदा वस्तुसंग्रहालयातले एक गृहस्थ फोटो घेऊन आले. जमिनीखालून निघालेली मातीची बाई, हजारो वर्षांची, दोन्ही हात पोटावर. ते पूजेबद्दल बोलत होते, पिकाबद्दल, बाळंतपणाबद्दल, आणि मी कॉलेजातल्यासारखी मान डोलवत होते. आईंनी फोटो खिडकीशी धरला, चष्मा वर केला.

"हिला करणारीने डाव्या हातात धरलीय. काखेत अंगठा टेकलाय बघा. मी पण तिथेच टेकवते."

गृहस्थांनी फोटो परत घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. "हे आमच्या नोंदीत नाही," ते म्हणाले.

"मग लिहा की," आई म्हणाल्या.

आणि एक रीत आहे आमच्या घराची. तुटलेला माणूस लोक परत आणतात. भट्टीकाका तो खलात कुटतात, चाळतात आणि तो चुरा नव्या मातीत मळतात. भाजलेला चुरा घातला की माती वाळताना तडकत नाही, हे मी नंतर पुस्तकातही वाचलं. पण आई गिऱ्हाइकाला ते सांगत नाहीत. नवा माणूस हातात देताना एवढंच म्हणतात, "तुमचा जुना याच्यात आहे हं." टॅक्सीवाल्याचा म्हातारा जोरात ब्रेक लागून फुटला, तेव्हा हा एवढा दांडगा गडी तुकडे रुमालात बांधून, डोळे लाल करून आला होता. नवा घेताना हे वाक्य ऐकलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मला ते गोड वाटायचं. गोड, आणि धंद्यालाही बरं.

मग भिंगरी झाली.

कागदावर तिचं नाव वेगळं आहे, पण पाळण्यात असल्यापासून ती एका जागी ठरली नाही म्हणून भिंगरी. आणि मी? मी पहारेकरी झाले. ती झोपली की श्वास चालू आहे का ते बघायला तिच्या नाकाशी आरसा धरायचे. दुधाच्या बाटल्या तीनतीनदा उकळायचे. मावशी म्हणायची, "अगं ए शिकलेले, पोर आहे ते. बशीत वाढवलेला बुरशीचा ठिपका नव्हे." सगळे हसायचे, मीही हसायचे, आणि पुन्हा जाऊन आरसा धरायचे.

ती रांगायला लागली तशी मागच्या खोलीतली धूळ माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. मातीची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. मी दिवसातून तीनदा ओल्या फडक्याने फरशी पुसायचे. आणि चौदाव्या महिन्यात ती चालायला लागली.

त्या दुपारी आई आणि नवरा माती आणायला गेले होते. मावशी सर्दीने घरी होती. मी क्षणभर चुलीकडे वळले आणि परत बघते तर भिंगरी मागच्या खोलीत, सगळ्यांत खालच्या फळीसमोर उभी, एक गाल फुगलेला. मी तोंडात बोट घातलं. मातीचा एक हात निघाला. मनगटापासून तुटलेला, इवलासा, लाळेने ओला. घशात गेला असता तर? ती खुदकन हसली आणि दुसरा घ्यायला वळली.

तिला काही झालं नाही. मला मात्र असा घाम फुटला की गाऊन पाठीला चिकटला.

मी तिला पाळण्यात ठेवलं आणि घमेलं आणलं. ती फळी मी पुसून काढली, अक्षरशः. हात, डोकी, अर्धी धडं, कान तुटलेलं कुत्रं. त्यांतच एक अख्खी होती. बोटाएवढी, पांढरट, बिनरंगाची, वेडीवाकडी बाई. एक डोळा वर, एक खाली. पाठीवर एक छोटासा खळगा. कुण्या शिकाऊ हाताने बिघडवलेली असेल, असं मला वाटलं. घमेल्यात टाकली.

भट्टीकाका जेवायला गेले होते. मी थांबले नाही. अंगणातल्या खलात सगळं ओतलं आणि स्वतः कुटायला बसले. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. प्रत्येक घावाला वाटत होतं, हे नाही आता तिच्या घशात जाणार, हेही नाही. पोकळ माणूस एका घावात जातो. ती पांढरी मात्र जाईना. सात-आठ घाव लागले. आतून भरीव होती.

संध्याकाळी भट्टीकाका आले. "अरे वा, आज आयता चुरा! सूनबाई कामाला लागली म्हणायची." त्यांनी चाळला, नव्या मातीत मळला, आणि तो मोठा गोळा ओल्या पोत्याखाली झाकून ठेवला.

आई रोज सकाळी कामाला बसण्याआधी त्या खालच्या फळीपाशी वाकायच्या. हे मी बघितलेलं होतं, मी सगळंच बघते. पण मला वाटायचं, कंबर मोकळी करतात. दुसऱ्या दिवशी त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"इथे एक होती," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"पांढरी. लहान. माझ्या ठमीची."

ठमी. हे नाव मी या घरात एकदाच ऐकलं होतं. नवऱ्याने लग्नाआधी सांगितलं होतं, मला एक मोठी बहीण होती, मी दोन वर्षांचा असताना गेली, आईपुढे विषय काढू नकोस. मी काढला नव्हता. आईंच्या पाठीमागे ओल्या पोत्याखाली तो मातीचा ढीग होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. अजून तो चिखल होता.

माझ्या तोंडून निघालं, "भिंगरीने नेली असेल कुठेतरी. हल्ली ती सगळंच उचलते."

आईंचा चेहरा एकदम सैल झाला. "असं होय," त्या म्हणाल्या. "मग घरातच असेल."

आणि शोध सुरू झाला. पाळण्याखाली, गादीखाली, भिंगरीच्या कपड्यांच्या टोपलीत. गुडघे दुखत असताना फरशीवर बसून त्या भिंगरीशी बोलायच्या.

"कुठे ठेवलीस गं माझी पांढरी बाई? अं? आण बघू."

भिंगरीला हा खेळ भलताच आवडला. ती दुडुदुडु जायची आणि काहीतरी आणायची. चमचा. कपड्यांचा चिमटा. बापाचा मोजा.

"हा मोजा झाला. बाई कुठेय?"

ती दुसरा मोजा आणायची.

"जोडी पूर्ण केलीस हो, शहाणी माझी! आता बाई आण."

आई मनापासून हसायच्या. मी दारात उभी राहून बघायचे आणि माझे कान तापायचे.

तिसऱ्या दिवशी माती साच्यांत दाबायला घेतली. बसलेली बाई करायची होती, मांडीवर गाठोडं घेऊन कुणाची तरी वाट बघत असलेली. आमच्याकडची सगळ्यांत मागणीची. मी कपडे वाळत घालायला अंगणात गेले तर भट्टीकाका खलाशी बसले होते. विडी पेटवलेली नव्हती.

"सूनबाई, त्या घमेल्यात पांढरी होती का?"

मी हातातलं ओलं कापड पुन्हा पिळलं.

"चाळताना पांढरं दिसलं होतं मला. म्हटलं, रंगाचे कपचे असतील. आता माझं मला बोलवेना." त्यांनी विडी परत खिशात ठेवली. "ती पांढरी माती आता मिळत नाही. फक्त चेहऱ्यांसाठी यायची. त्या खाणीत पाणी भरलं, बंद पडली. त्यातला एक गोळा ठमीने पळवला होता. सहा वर्षांची पोर. बसून केली तिने ती बाई, आणि हट्ट, आत्ताच्या आत्ता भाजा. आता ती भरीव. भरीव माणूस भट्टीत ठेवायचा म्हणजे बाकीच्यांची पण वाट. तुझ्या सासऱ्यांनी काय केलं माहितीय? अख्खी भट्टी रिकामी ठेवली. आत एवढुशी ती एकटी. तीन दिवस मंद आच. लोक विचारायचे, तर म्हणायचे, भट्टीची चाचणी चाललीय. चौथ्या दिवशी काढली. साधा तडादेखील नाही. ठमी ती उशाशी घेऊन झोपायची. त्याच थंडीत ताप आला आणि चार दिवसांत पोर गेली. फोटो काढायचा राहूनच गेला होता. तो खळगा होता ना पाठीवर? तिचा अंगठा होता तो."

मला वाटलं होतं, बिघाड आहे.

"मी सांगू का वहिनींना?" त्यांनी विचारलं.

"नको. मी सांगते."

"मग सांग. माती ओली आहे तोवर सांग. थोपवता येईल."

मी हो म्हणाले. त्या दिवशी भिंगरीला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी मावशी होती, तिच्यासमोर कसं बोलणार. त्यानंतर माणसं वाळायला लागली आणि मला वाटलं, आता तर आकार आला, आता सांगून काय उपयोग. मग ती भट्टीत गेली. भट्टी थंड होईपर्यंत दोन दिवस मी भट्टीकाकांच्या नजरेला नजर दिली नाही. मग रंग. मावशी ब्रश फिरवत म्हणाली, "या खेपेच्या बायका खरबरीत आहेत गं. गालावर कण येतोय." मी भिंगरीला घेऊन बाहेर गेले.

खरं सांगायचं तर भीती रागाची नव्हती. आई माझ्यावर विश्वासाने भिंगरीला सोडतात, आणि मी त्यांच्यावर. आम्हा दोघींत ती एक गोष्ट धडधाकट होती. त्यांना कळलं की त्यांची मुलगी माझ्या हातून कुटली गेली, तर पुन्हा त्या माझ्या मुलीकडे तशाच बघतील का? हे विचारायचं धैर्य मला होईना. आणि रोज त्या माझ्याच मुलीपुढे फरशीवर बसत होत्या.

माल गाडीत भरायचा दिवस आला. नवरा सकाळपासून खोकी नेत होता. मी आत आले तर आई कपाट आणि भिंतीच्या फटीत हात घालून बसल्या होत्या, खांद्यापर्यंत. हात बाहेर काढला तेव्हा दोन बोटं सोलवटली होती. कामाची बोटं. भिंगरी समोर उभी राहून त्यांच्याकडे चमचा धरत होती.

आईंनी चमचा घेतला. तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"नाही सापडत तर राहू दे गं," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे असली तरी चालेल मला. तुझी आत्याच आहे ती."

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले.

"आई, भिंगरीने नाही नेली. मी कुटली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ऐकू आलं होतं, पण अर्थ वाटेत कुठेतरी होता.

"खलात?"

"हो."

"कधी?"

"तुम्ही माती आणायला गेला होता तेव्हा. हिच्या तोंडात तुकडा सापडला, म्हणून मी फळी... मला माहीत नव्हतं, आई. पण नंतर कळलं. तरी मी बोलले नाही."

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. भिंगरीने माझ्या मांडीवर मोजा आणून ठेवला.

"लवकर फुटली का?" आईंनी विचारलं.

"नाही. सात-आठ घाव लागले."

"हट्टीच होती," त्या म्हणाल्या. हसल्यासारखा आवाज आला, आणि मग तो आवाज हसण्याचा राहिला नाही. त्यांनी सोललेली बोटं तोंडावर धरली. मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला केला. झिडकारला नाही, नुसता बाजूला केला. भिंगरी एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

मग त्या म्हणाल्या, "ती मातीचीच होती. एक ना एक दिवस कुणाच्या तरी हातून गेलीच असती. माझ्याही. पण या लेकरावर घातलंस, ते दुखलं मला. हिला बोलता येत नाही म्हणून."

"हो," मी म्हणाले.

"कशात गेली?"

"बसलेल्या बाईत. गाडीत आहेत."

त्या उठल्या त्या अनवाणीच. मी भिंगरीला कडेवर घेऊन मागोमाग. अंगणात नवरा दोरी बांधत होता, मावशी खोक्यांवर पत्ते चिकटवत होती.

"दोरी सोड," आई त्याला म्हणाल्या.

"आई, अगं उशीर..."

"सोड म्हणते ना."

भट्टीकाकांना न सांगता कळलं. त्यांनी पहिलं खोकं खाली घेतलं. आईंनी पेंढ्यातून एक बाई काढली, उलटी केली. बुडाला रंग नसतो, तिथे माती उघडी असते. लाल मातीत मोहरीएवढा एक पांढरा कण होता. आईंनी त्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही. मग दुसरी. हिच्यात तीन कण. तिसरीत एकही दिसेना. ती त्यांनी उन्हात धरली, तेव्हा भोकाच्या कडेला सापडला. एकूण बेचाळीस बायका होत्या. प्रत्येकीला हातात घेतलं. आम्ही चौघं उभे होतो. नवऱ्याला आणि मावशीला मी दोन वाक्यांत सांगितलं. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं, मग आईच्या शेजारी उकिडवा बसून पेंढा काढून द्यायला लागला. त्याला ती बहीण आठवतही नाही.

"एकही द्यायची नाही," मावशी नाक ओढत म्हणाली. "सगळ्या ठेवून घ्या. दुकानवाल्यांना सांगा, भट्टी बिघडली, मावशी बिघडली, काय वाटेल ते सांगा."

"मी फळ्या ठोकून देतो," नवरा म्हणाला. "इथेच ठेवू, आई. तुझ्यासमोर."

आईंनी शेवटची बाई मांडीवर ठेवली होती. "या कुठे कुठे जायच्यात?"

"पुलापलीकडचं दुकान. हॉस्पिटलसमोरचं. स्टेशनातला स्टॉल. आणि दोन खोकी ट्रकने, लांब."

"लांब म्हणजे?"

"तीन-चार दिवस लागतात. डोंगर ओलांडून जावं लागतं. तिथून पुढे ते लोक बोटीनेही पाठवतात कुठेकुठे."

"बोटीने?"

"हो."

आई म्हणाल्या, "दर खेपेला ती दारात उभी राहायची. चप्पल घालून, तयार. मला पण न्या, मला पण न्या. तुझे बाबा म्हणायचे, रस्ता खराब आहे, दमशील. पुढच्या वेळी नक्की." त्यांनी मांडीवरची बाई उचलली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "भर."

"सगळ्या?"

"सगळ्या. नीट भर. डोक्याखाली जास्त पेंढा घाल."

"एक तरी ठेव, आई."

"एक ठेवली तर तीच ठमी होऊन बसेल, बाकीच्या परक्या. नको. जाऊ दे."

गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्या रस्त्यावर उभ्या होत्या, अनवाणी. मग आत येताना माझ्यासमोर थांबल्या.

"मी दोन दिवस तुझ्याशी बोलणार नाही. राग आलाय मला. मग बोलेन."

तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी साचा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिचं नाक वाहतंय. टोपी घाल." मी टोपी आणायला आत गेले आणि ती हातात धरून चुलीशी उभ्याउभ्या रडले. मग घातली. भिंगरीने काढून टाकली. आईंनी परत घातली.

आता आमच्या घरात एक नवीनच काळजी सुरू झाली आहे, आणि या वेळी ती एकट्या माझी नाही. नवरा खेपेवरून आला की आई आधी पाणी देतात आणि मग विचारतात, "पुलापलीकडची गेली का?"

"दोन गेल्या. एक एका आजोबांनी नेली. हातात काठी होती."

"घरी कुणी आहे का त्यांच्या?"

"मला काय माहीत, आई?"

"विचारायचं ना रे. तोंड आहे ना तुला?"

आता तो विचारतो. दुकानदार त्याला वेड्यात काढतात, पण सांगतात. एक हॉस्पिटलच्या शिपायाने लेकीसाठी नेली. एक शिकायला परगावी आलेल्या मुलीने नेली, खोलीत एकटी राहते म्हणून. आई ऐकून घेतात, मान हलवतात, आणि मग उरलेल्यांचा विषय काढतात. ट्रकने गेलेल्या वीस जणींचं काहीच कळत नाही. "खिडकीत ठेवली असेल तर वाऱ्याने पडते गं," त्या मला म्हणतात. लग्न होऊन लांब गेलेल्या मुलीच्या आईसारखा त्यांचा चेहरा होतो.

म्हणून हे लिहायला घेतलं. तुमच्या घरी, ऑफिसात, दवाखान्याच्या खिडकीत, कुणा म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या टीव्हीवर मातीची एक बसलेली बाई असू शकेल. वीतभर उंच, मांडीवर निळं गाठोडं, गालाला थोडी खरबरीत. एकदा जाऊन बघा. हळूच उलटी करा. लाल मातीत पांढरा कण दिसला तर ती आमची आहे. तिचं काही करायचं नाही, परतही पाठवायची नाही. फक्त कशी आहे ते बघा. काठावर असेल तर जरा आत सरकवा. आणि ती कुठे पोचली आहे, तिथून बाहेर काय दिसतं, तेवढं आईंना कळवाल का?